कोटेशन साडेचौदा लाखांचं, बजेट नऊ लाखांचं: कापायचं कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) तुम्ही एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही सांभाळता. कंपनीला २५ वर्षं होताहेत. डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी डीलर, कामगार आणि त्यांच्या घरची माणसं मिळून साडेतीनशे जणांचा कार्यक्रम करायचाय. जेवण आणि हॉलचं भाडं वेगळं धरून नऊ लाख मंजूर झालेत. एजन्सीचं कोटेशन आलं १२ लाख ४० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४ लाख ६३ हजार २००. मालक म्हणतात, घासाघीस करा. आणि तुम्ही विचारताय की किती टक्के कमी करून मागणं रास्त होईल.

टक्क्यांत उत्तर देत नाही, कारण मग काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या वडिलांचं शहापुरात मंडप-डेकोरेशन होतं. मी वीस वर्षांपासून कंपन्यांचे कार्यक्रम करतो, त्यामुळं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मीच बसलेला असतो. कुणी 'दहा टक्के कमी करा' म्हटलं की आम्ही हसत हो म्हणतो. मग चांगल्या साऊंडच्या जागी जुना सेट येतो, आठ माणसांच्या जागी पाच येतात आणि दोन कॉर्डलेस माईकची बॅटरी भाषणाच्या मध्यात बसते. कोटेशनवर आकडा कमी दिसतो आणि तो कुठून कमी झाला हे तुम्हाला त्या संध्याकाळी कळतं.

मला दिसतो तो प्रश्न वेगळा आहे. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये २४ बाय १२ फुटांची एलईडी वॉल आहे, १२५ केव्हीएचे दोन जनरेटर आहेत, ४० बाय २४ चं स्टेज आहे, लांब दांड्यावरचा जिब कॅमेरा आहे. पण स्टेजवर नक्की काय होणार हे कुठंच नाही. तुम्ही सांगितलं नसणार, म्हणून त्यांनी सगळ्यात मोठा कार्यक्रम डोळ्यांसमोर धरून सामान लिहिलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, ऐनवेळी कमी पडलं तर शिव्या आम्हालाच बसतात. म्हणून आधी एका कागदावर मिनिटांचा हिशेब मांडा, सामान त्यावरून ठरेल.

तो हिशेब आता इथंच करून बघू. तुम्ही लिहिलंय की वीस वर्षांवर सेवा झालेल्या ४८ कामगारांचा सत्कार आहे. एकेकाला बोलावून शाल, श्रीफळ, फेटा, फोटो म्हटलं तर दीड मिनिटाच्या खाली होत नाही. ४८ गुणिले दीड म्हणजे ७२ मिनिटं. वर चार भाषणं, कंपनीची फिल्म, डीलरांची बक्षिसं, मुलांचे नाच, शेवटी ऑर्केस्ट्रा. साडेपाचची वेळ छापली तर आपल्याकडं साडेसहाला सुरू होतं हे धरून चाला. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, तो नियम देशभर आहे; बंद हॉलला सूट असली तरी आपणही दहाचीच वेळ धरू. म्हणजे ऑर्केस्ट्राला उरतात जेमतेम पंचवीस मिनिटं, आणि तेव्हा निम्मे लोक जेवणाच्या रांगेत. तो ऑर्केस्ट्रा, त्याचा वेगळा मिक्सर, मॉनिटर, ड्रमसाठीचे माईक, त्यांचं जाणं-येणं-राहणं, सगळं त्या पंचवीस मिनिटांसाठी. इथं मला टक्केवारीची गरजच वाटत नाही, ओळच जाते.

सत्काराला मात्र कात्री लावू नका. वीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस बायको-पोरांसमोर स्टेजवर जातो, तो फोटो घरात लागतो. फेटे आधीच बांधून घ्या, दोन फेटेवाले चार वाजता बसवा. सहा-सहा जणांना वर बोलवा, नाव प्रत्येकाचं घ्या. एकट्याचा, कुटुंबासह फोटो स्टेजच्या बाजूला ठरलेल्या जागी काढा. ७२ मिनिटांचं काम अर्ध्या तासात होतं आणि कुणाचा मान कमी होत नाही. वेळ कापायचीच असेल तर भाषणांतून कापा. ते तुम्ही मालकांना कसं सांगायचं, हे मला विचारू नका.

आता तारीख. डिसेंबरचा दुसरा आठवडा वाचला आणि मी कपाळाला हात लावला. सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं ते बहुतेक वेळा डिसेंबरातच. आमदार, अधिकारी, त्यांचे ड्रायव्हर, पोलिसांचा बंदोबस्त, पत्रकार सगळे गावात. चांगल्या हॉटेलांच्या खोल्या आधीच अडकवलेल्या असतात. टॅक्सी मिळत नाही, मिळाली तर दर विचारू नये. हायवेला मोर्चे, रस्ते वळवलेले. हुबळी-धारवाडकडून येणारे तुमचे डीलर विधानसौधाजवळ बस्तवाडपाशी अडकून बसणार. त्याच सुमारास लग्नांचे शेवटचे मुहूर्त चालू असतात, म्हणजे मंडपवाल्यांकडंही सामान नाही.

मग धनुर्मास लागतो, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. लग्नं बंद. कार्यालयं रिकामी, डेकोरेशनवाल्यांचं सामान गोडाऊनमध्ये, पोरं बसून. एकतीस डिसेंबरचा गोंधळ सोडला तर २ जानेवारीपासून १० जानेवारीपर्यंतचे दिवस आमच्या धंद्यात सर्वांत मोकळे. मंडपवाला त्या वेळी स्वतःहून दर खाली आणतो, कारण पोरांना पगार द्यायचाच असतो. त्यातही मधला वार घेतला तर आणखी सोयीचं. तुमच्या कंपनीच्या स्थापनेची तारीखच डिसेंबरात असेल आणि मालक त्यावर अडून बसले असतील तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर सकाळी कंपनीत पूजा त्या तारखेला करा आणि समारंभ जानेवारीत घ्या. एकदा एका कंपनीला मी हे पटवलं होतं, पुढच्या वर्षी त्यांनीच जानेवारी धरला.

गणपती आणि शिवजयंती या दोन वेळा पुढच्या कार्यक्रमांसाठी लक्षात ठेवा. आपल्याकडची शिवजयंती वैशाखातली, चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर. त्या आठवड्यात शार्पी (झोताचे) लाईट आणि बेसचे मोठे स्पीकर शोधायला गेलात तर सगळे गल्लीगल्लीतल्या मंडळांनी नेलेले असतात.

सामानाकडं येतो. एलईडी वॉल आधी घेऊ, कारण तुमच्या यादीत सर्वांत जड ओळ तीच आहे. साडेतीनशे खुर्च्या मांडल्या की शेवटची रांग स्टेजपासून साधारण ६०-६५ फुटांवर येते. शेवटच्या रांगेचं अंतर भागिले सहा ते आठ, एवढी पडद्याची उंची पुरते. म्हणजे आठ ते अकरा फूट. १६ बाय १० घ्या. २४ बाय १२ म्हणजे २८८ चौरस फूट, १६ बाय १० म्हणजे १६०. दर तोच राहिला तरी ही ओळ ४४ टक्क्यांनी खाली येते आणि हमाली, ट्रस (वॉल आणि लाईट टांगायचा सांगाडा), वीज सगळं तिच्यामागून उतरतं. शिवाय त्यांनी पी २.६ लिहिलंय. दोन ठिपक्यांमधलं अंतर जितके मिलिमीटर तितक्या मीटरवरून चित्र नीट दिसतं, हा आमचा ढोबळ हिशेब. तुमची पहिली रांग स्टेजपासून पंधरा-सोळा फुटांवर, म्हणजे पाच मीटर. पी ३.९ आरामात चालतं. फक्त एक अट: वक्त्याच्या मागं हीच वॉल असेल आणि कॅमेरा जवळून टिपणार असेल तर जाड ठिपक्यांमुळं व्हिडिओत लाटा दिसतात. फिल्म कायमची जपायची असेल तर वक्त्याचं पोडियम वॉलच्या एका बाजूला सरकवा. फुकटात काम होतं.

जनरेटरचं गणित मी स्वतः वायरमनबरोबर बसून करतो. १६ बाय १० ची वॉल म्हणजे अर्ध्या मीटरचे ६० पॅनेल, १५ चौरस मीटर. पूर्ण पांढरा पडदा लावला तरी चौरस मीटरला सहाशे वॉटच्या आसपास, म्हणजे ९ किलोवॉट. साऊंड ६, लाईट ६, कॅमेरे-लॅपटॉप-मिक्सर २. झाले २३ किलोवॉट. किलोवॉटचं केव्हीए करायला ०.८ ने भागलं की २९ केव्हीए. साडेबासष्ट केव्हीएचा एक जनरेटर निम्म्या लोडवर चालेल. कोटेशनमध्ये दोन मिळून २५० केव्हीए! बहुधा हॉलचा एसी त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलाय. हॉलवाल्याला विचारा, तुमचा स्वतःचा जनरेटर किती केव्हीएचा आणि एसी त्यावर चालतो का. चालत असेल तर प्रश्न मिटला. पण तुमच्या एका जनरेटरला पर्याय ठेवा, हॉलची लाईन चेंजओव्हर स्विचवर जोडून घ्या, म्हणजे एक बंद पडलं की दुसऱ्यावर जाता येतं. अर्थिंग करणारा वायरमन आणि भाषणाचा साऊंड या दोन ठिकाणी मी कधी रुपया कमी करत नाही, तुम्हीही करू नका. आणि डिझेल कोणाचं, किती तासांचं हे लिहून घ्या. जनरेटर सुरू करताना तास दाखवणाऱ्या मीटरचा फोटो मोबाईलवर काढायचा, बंद करताना दुसरा. एवढ्यावर भांडण होत नाही.

पुण्याहून किंवा बेंगळुरूहून सामान आणायचा मोह होईल, त्यांचे फोटो छान असतात. बेंगळुरू पाचशे किलोमीटर. टेम्पोभाडं, पोरांचा दोन रात्रींचा मुक्काम, जेवणं धरली की नाकापेक्षा मोती जड. बेळगावात मिळत नाही ते कोल्हापूर किंवा हुबळीत मिळतं, दोन्हीकडून सकाळी निघालेला टेम्पो दुपारच्या आत दारात येतो. गोव्याकडं चांगला माल आहे खरा, पण डिसेंबर-जानेवारीत त्यांचाच हंगाम असतो. त्यांना पावसाळ्यात विचारा.

कोल्हापूरचा माणूस घेतलात तर सीमा आडवी येते, हे आपल्याकडं सगळे विसरतात. सामान भाड्याचं असलं तरी ते राज्य ओलांडून जातंय, पन्नास हजारांच्या वर किंमत आहे, म्हणजे डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाईन कागद) पाहिजे. एकदा आमचा ट्रसचा टेम्पो निपाणीच्या अलीकडं, कोगनोळीपाशी पकडला. आमच्याच माणसानं चलन केलं होतं, ई-वे बिल केलं नव्हतं. चार तास गेले. इकडं बारा हमाल कार्यालयाच्या पायऱ्यांवर तंबाखू मळत बसलेले, त्यांची पाळी संपली, दुसरी पाळी धरावी लागली, आणि जे काम संध्याकाळी सहाला संपायचं ते पहाटे तीनला संपलं. त्या रात्रीचा जादा खर्च टेम्पोच्या भाड्याच्या दुप्पट झाला. तो मी कंपनीला लावला नाही, पण सगळे तसे नसतात.

यावरून आठवलं, हॉल ताब्यात कधी मिळणार? सकाळचं लग्न आटोपून दुपारी दोनला हॉल देतो म्हणाले तर नको म्हणा. ट्रस, वॉल, साऊंड, लाईट, मग चाचणी, हे आठ तासांचं काम. चार तासांत करायचं तर माणसं दुप्पट, आणि घाईत चूक ठरलेली. आदल्या संध्याकाळचं अर्धं भाडं देऊन हॉल घ्या, मला आजवर ते स्वस्तच पडलंय.

कराचा मुद्दा तुमच्या मालकांना आवडेल. नऊ लाखांची तुलना तुम्ही १४ लाख ६३ हजारांशी करताय. कंपनी जीएसटीत नोंदलेली आहे, धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या सेवेवरचा कर बऱ्याच अंशी परत वळता होतो. नक्की किती, हे तुमच्या सीएंना विचारा, कारण कामगारांच्या करमणुकीच्या भागावर ते हरकत घेऊ शकतात. पण त्यांनी हो म्हटलं तर खरा फरक साडेपाच लाखांचा नसून ३ लाख ४० हजारांचा आहे. जेवणाचं बिल मात्र एजन्सीच्या बिलात घालू देऊ नका. केटररचं वेगळं घेतलं तर साधारण पाच टक्के कर लागतो, एजन्सीच्या बिलात मिसळलं की अठरा, आणि खाण्यापिण्यावरचा कर तसाही परत मिळत नाही.

फलकांबद्दल इथल्या माणसालाच सांगावं लागत नाही, तरी सांगतो. कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, कापडी छपाई महाग पडते. त्यात बाहेरच्या फलकावर कन्नड मोठं आणि वर नसेल तर लावलेलं उतरवायची पाळी येते. माझ्याच एका कार्यक्रमात डिझायनरनं मोबाईलवरून कन्नड भाषांतर करून छापलं. आदल्या रात्री बैलहोंगलचे एक डीलर हॉल बघायला आले आणि हसायलाच लागले, 'वर्धापन' शब्दाचं काहीतरी भलतंच झालं होतं. रात्री अकराला छपाईवाल्याला उठवलं. तेव्हापासून आमचा नियम: बाहेर एकच कमान, दोन स्टँडी, आणि त्यांवरचं कन्नड कन्नडच्या शिक्षकांकडून वाचून घेतलेलं. बाकी सगळा मजकूर एलईडी वॉलवर. तिथं कन्नड, मराठी, इंग्रजी आलटून पालटून दाखवा, चूक सापडली तर दोन मिनिटांत दुरुस्त. निवेदकही दोन्ही भाषा सराईत बोलणारा एकच घ्या. आपल्या गावात असे पुष्कळ आहेत, मुंबईहून कुणाला आणायची गरज नाही.

सजावटीत तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी कुठल्याच एजन्सीकडं नाही. फौंड्रीत कुठंतरी माळ्यावर पहिल्या ऑर्डरचा लाकडी पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) पडलेला असणार. तो खाली काढा, धूळ पुसा, दारात चौथऱ्यावर ठेवून वरून एक पिवळा लाईट मारा. शेजारी पहिलं कास्टिंग. थर्माकोलच्या कमानीपुढं कुणी थांबत नाही, याच्यापुढं जुने कामगार पोरांना घेऊन उभे राहतील. चौथरा तुमच्या वेल्डिंगवाल्यांनी आठवडाभर आधी करून द्यावा. पण त्या दिवशी कामगारांकडून खुर्च्या उचलून घेऊ नका. पैसे वाचतात म्हणून कुणीतरी सुचवेलच. त्या दिवशी ते पाहुणे आहेत.

एजन्सी सोडून सगळं सुटं घ्यावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ते तुमच्या वेळेवर आहे. एजन्सीची बारा टक्के फी दिसते, पण सात वेगवेगळ्या माणसांना फोन करणारा एक माणूस महिनाभर तुमचाच जाणार. पहिल्यांदाच करत असाल तर एजन्सी ठेवा, यादी मात्र तुमची द्या. प्रत्येक ओळीला आकार, नग, दिवस, दर वेगळे मागा, वाहतूक, हमाली आणि माणसांचं जेवण त्यातच की बाहेर हे लिहून घ्या. आणि बजेट सांगून टाका. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? नऊ लाखांत काय बसवता येतं, हे चांगला माणूस तुम्हाला सरळ सांगतो. पैसे वेळेत द्यायची हमीही लिहून द्या. लहान उद्योगांचं बिल ४५ दिवसांत भागवणं २००६ च्या कायद्यानं बंधनकारकच आहे, तरी कंपन्या तीन-तीन महिने लावतात आणि आम्ही त्या उशिराचं व्याज दरात आधीच धरतो. वीस दिवसांत देतो म्हणालात तर दर खाली येतो, मी स्वतः आणतो.

शेवटच्या आठवड्यात फोन येतील. मालकांच्या घरून कुणाला सेल्फी बूथ हवा असेल, कुणाला वर कॉन्फेटी. नाही म्हणणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून आत्ताच ठरवा की बदलाला होकार फक्त एकाच माणसाचा, आणि तोही किंमत लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर. किंमत वाचली की निम्मे बदल आपोआप मागं घेतात. नऊ लाखांतले ऐंशी हजार पहिल्या दिवशीच बाजूला काढा आणि एजन्सीला आठ लाख वीसच सांगा. हे वरच्या भांड्याच्या सल्ल्याच्या विरुद्ध वाटेल, पण ते पैसे त्यांच्यासाठी नाहीत, त्या फोनांसाठी आहेत.

माझ्या अंदाजानं ऑर्केस्ट्रा, जिब, मोठी वॉल, जादा जनरेटर आणि थर्माकोलची कमान गेली, स्टेज ३२ बाय २० वर आलं, की कर सोडून तुम्ही नऊच्या आसपास येता. मुलांचा नाच वीस जणांचा असेल तर स्टेज त्याहून लहान करू नका. हॉल अजून पक्का केला नसेल तर बघायला जाताना मोजपट्टी घेऊन जा. छताची उंची, स्टेजच्या बाजूची मोकळी जागा आणि मागच्या दाराची रुंदी मोजा. दहा फुटी ट्रस त्या दारातून वळते की नाही बघा. वळत नसेल तर सगळं सामान पुढच्या जिन्यावरून खांद्यावर न्यावं लागतं, आणि त्या हमालीचा आकडा कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो. ही मापं इथं टाका, पुढचं बघून सांगतो.